गॉगल विसळायचा असतो

आमच्या घरात उजाडायच्या आदी दोन आवाज यायचे. एक शेळीचा, आन दुसरा आत्याबाई भांडी घासत्यात त्याचा. आत्याबाई मंजी माज्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हनत्यात. गॅस आला तरी आंघोळीचं पानी चुलीवरच तापायचं, म्हनून राख काई संपायची न्हाई. ती राख आत्याबाई चाळनीनं चाळायच्या, पार गव्हाच्या पिठावानी मऊ करायच्या, आन पत्र्याच्या डब्यात भरून मोरीपाशी ठेवायच्या. नारळाच्या शेंडीचा बोळा, त्याला राख, आन मंग खर्र खर्र. ह्यांनी एकदा कर्जतच्या बाजारातनं भांड्याचा लिक्विड साबन आनला तर म्हनल्या, "ह्याला नुस्ता फेस हाय, दम न्हाई." तो साबन तसाच खिडकीत पडून राहिला, त्याच्यावर धूळ बसली. आमच्या तांब्यात तोंड दिसायचं. लाईट गेली की कंदील लावायचो, त्याची काचसुदा त्या राखेनंच पुसायच्या, मऊ फडक्याचा बोळा आत घालून हळूहळू फिरवायच्या, आन मंग ती काच आशी व्हायची की काच हाय का न्हाई हात लावून बगावं लागायचं. आख्ख्या वस्तीवरच्या बाया म्हनायच्या, काच पुसावी तर चिऊच्या आजीनं.

चिऊ मंजी माजी पोरगी. मी नववीतनं शाळा सोडली, घरी बसले, मंग लगीन झालं, आन मला कायबी समजायच्या आत चिऊ झाली. खरं सांगायचं तर मी आन चिऊ बरूबरच मोठ्या झालो, म्हनून माज्या लहानपनाचं लिवायला बसले की तिचंच यायला लागतं. ती झाली तवा नर्सबाईनं तिला गुंडाळून माज्यापाशी ठिवलं आन कायबी बोलली न्हाई, मी म्हनलं काय झालं, काय झालं, मेली का, तर म्हनली, "न्हाई गं बाई, चांगली हाय, जरा येगळी हाय." केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापन्यासुदा पांढऱ्या, आन अंग तर दुधाच्या सायीवानी. गावातनं लोकं बगायला यायची, कोन म्हनायचं गोरी मडम आली, कोन म्हनायचं पोटुशी असताना गिरानात काय कापलं का गं. मी रडायचे. डॉक्टर म्हनले, हिच्या अंगात रंग तयार होत न्हाई, जन्मापासनंच आसं असतं, कुनाच्या चुकीनं न्हाई, कुनाला लागत न्हाई. मी व्हय व्हय म्हनले पन घरी येईस्तोवर समदं इसरले. मी तवा कशालाबी भ्यायचे. फोन वाजला तरी भ्यायचे.

आत्याबाई वाईट न्हवत्या, हे मला लिवायचं हाय, कारन लोकांना वाटंल सासू हाय मंजी छळ आसंल. मला बाळंतपनात त्यांनी डिंकाचे लाडू केले, हुलग्याच्या शेंगोळ्या लसूनमिरचीत उकळून वरनं तेल सोडून ताट माज्यापुडं ठिवायच्या, म्हनायच्या, "खा गं रूपे, दूध आलं पायजे." पन चिऊला घेत न्हवत्या. लांबनंच बगायच्या. एकदा मी म्हनलं, घ्या की आत्याबाई जरा, मला भाकरी थापायच्यात. तर आपले हात उलटेपालटे करून बगत म्हनल्या, "नको बाई. माजं हात हे आसं, राखेचं, शेनाचं. ती येवडी पांढरीफटक, डाग पडायचा." मला तवा राग आला. आता वाटतं त्या खरंच भ्याल्या हुत्या, माज्यावानीच.

चिऊला ऊन सोसायचं न्हाई. आमची वस्ती मंजी मोकळा माळ, घराला पत्रा, पुडं पांढरी माती, दुपारी समदं आसं तळपायचं की चांगल्या मानसाचे डोळे बारीक व्हायचे. चिऊ दाराच्या भाईर आनली की माज्या मानंत तोंड खुपसायची ते घरात आल्यावरच काढायची. मानंपाशी तिच्या श्वासानं घाम यायचा. वर्सभराची झाली, दीड वर्साची झाली, तरी भाईरचं जग तिनं बगितलंच न्हवतं. शेळी तिला आवाजानं ठाऊक, टेम्पो आवाजानं ठाऊक. आमचे हे टेम्पो चालवत्यात, कांदा भरून नगरला जात्यात. शेवटी ह्यांनीच म्हनलं की नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीनबाई हायेत, दाखवून येऊ.

डॉक्टरीनबाईंनी बगितलं, म्हनल्या, नंबर हाय, आन उजेड सोसत न्हाई, हिला काळ्या काचंचा नंबरवाला गॉगल देते, दिसंल थोडं कमीच पन दिसंल. चष्म्याच्या दुकानात एक ताई हुत्या. त्यांनी चिऊच्या डोळ्याला लहानगा गॉगल लावला, मागनं डोक्याला पट्टा बांधला, आन आमी दुकानाच्या भाईर आलो. भर उन्हात. चिऊनं सवयीनं मानंत तोंड घातलं. मंग हळूच काढलं. रिक्षा बगितली. केळीवाला बगितला. आन येवड्या मोठ्यांदा हसली की केळीवालाच दचकला. ह्यांनी तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसले आन म्हनले, धूळ लई हाय नगरला.

तर त्या दुकानातल्या ताईंनी लई काय काय सांगितलं हुतं. भरभर. फायबरची काच हाय, रोज साफ करायचा, पान्यानं, कोरडा पुसायचा न्हाई, हे करायचं न्हाई, ते करायचं न्हाई. मी आपली व्हय ताई, व्हय ताई. माजं ध्यान समदं चिऊच्या तोंडाकडं. त्यातलं घरापर्यंत आलं ते येवडंच की रोज साफ करायचा.

घरी आल्यावर आत्याबाईंनी इचारलं, "काय म्हनली डॉक्टरीन?" मी म्हनलं, रोज साफ करायचा म्हनल्या. तर त्यांनी माज्या हातातनं गॉगल घेतला. "मंग ते काम माजं. तुज्यानं धड तवा निघत न्हाई."

आन दुसऱ्या दिवशीपासनं आत्याबाईंनी धरलं. समदी भांडी झाली की शेवटाला गॉगल. त्याला शेंडीचा बोळा न्हाई बरं का, त्याला मऊ लुगड्याचं फडकं, कंदिलाच्या काचंला घ्यायच्या तेच, आन राख तर दोनदा चाळलेली. आंगठ्यानं गोल गोल, गोल गोल. मंग पान्यानं धुवायच्या, पदरानं पुसायच्या, आन लांब धरून डाग राहिला का ते बगायच्या. आन मंग स्वतःच्या हातानं चिऊला लावायच्या. लावायचा मंजी जवळ घ्यावंच लागतं. पट्टा बांधायला मांडीवर बसवावंच लागतं. पैल्यांदा बोटाच्या टोकानं बांधला. मंग पुरा हात लागला. मंग एक दिवस मी कपडे वाळत घालत हुते तर आत्याबाई चिऊला कडंवर घेऊन गोठ्याकडं निघाल्या, "चल गं माजे मडमे, शेळी बगू." मी दोरीपाशी तशीच उभी राहिले, हातातनं ओल्या चादरीचं पानी गळतंय. मला त्या दिवशी गॉगलचं इतकं बरं वाटलं, वाटलं ह्याची पूजा करावी. मी कशाला म्हनंल त्यांना की राखंनं घासू नका? आन मला तरी कुठं ठाऊक हुतं. मीच दुपारी त्याच्यावर तोंडानं हाऽ करायचे आन पदरानं कोरडाच पुसायचे, वर कांद्याच्या पातीतली धूळ बसलेली असायची तशीच. हे तर गॉगल टेम्पोत पुडं काचंपाशी उन्हात पालथा टाकायचे. आमी समदे त्याला जीव लावत हुतो, आन समदेच त्याचा जीव घेत हुतो.

पावसाळा सरत आला तवा चिऊ गॉगल काढून टाकायला लागली. लावला की वढायची. भाईर आनली की परत माज्या मानंत तोंड. शेळीच्या खुंट्याला अडकून पडली, व्हटातनं रगात आलं. हाक मारली की दुसरीकडंच बगायची. शेजारच्या शांताकाकू चटनीला दाने मागायला आल्या हुत्या, त्यांनी बगितलं आन हळूच म्हनल्या, "डोळं चाललं वाटतं गं पोरीचं."

त्या दाने घेऊन गेल्या पन ते वाक्य काई घरातनं गेलं न्हाई. मी भाकरी थापताना तेच, झाडताना तेच. चिऊला घरात, अंधारात बसवायचे आन भुईवर एक शेंगदाना टाकायचे. ती जवळ तोंड नेऊन बरूबर उचलायची, खायची, वर माज्याकडं बगून हसायची. मंग मला वाटायचं दिसतंय की. आन भाईर नेली की परत आंधळी. मला काई सुदरंना. ह्यांना म्हनलं, चला नगरला. हे म्हनले, दसरा होऊ दे, जाऊ. आत्याबाई दुसऱ्या दिवशीपासनं गॉगल जास्ती येळ घासायला लागल्या. त्यांना वाटलं आपलंच साफ करायचं कमी पडतंय.

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारं पूजत्यात. कोयता, खुरपं, इळा, समदं धुवून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. टेम्पोलाबी हार. त्या दिवशी आत्याबाईंनी पाटावर खुरप्याच्या शेजारी चिऊचा गॉगल मांडला.

हे हसले. "आय, आगं हत्यारं हायेत ही. गॉगल कशाला?"

"ज्याच्यावर पोरगी चालती, ते तिचं हत्यारच की रं." आसं म्हनून त्यांनी दोन्ही काचांवर हळदीकुंकवाची बोटं लावली, डोळे मिटून हात जोडले. काय मागितलं ते मला ठाऊक हाय, कारन मीबी तेच मागितलं.

पूजा झाल्यावर चिऊला गॉगल लावायचा तर काचंवर कुंकू. आत्याबाई पदर पुडं करनार तेवड्यात मी म्हनलं, थांबा, लुगड्याला डाग पडंल, मी नळाला धुते. नुस्त्या धारंखाली धरला. कुंकू वाहून गेलं. लाल राहिलं का बगायला मी तो ओला गॉगल डोळ्यापाशी धरला तर समदं झ्याक, लिंबाचं पान न पान दिसत हुतं. मंग वारा लागला. जशी काच वाळत गेली तसं माज्या डोळ्यापुडं धुकं चढत गेलं. लिंब गेला, गोठा गेला. नुस्ता पांढरा उजेड, आन त्यात गोल गोल रेघा, भांड्याच्या बुडाला असत्यात तशा. ऊन त्या एकेका रेघंत फुटत हुतं. मला वाटलं माजेच डोळे गेले. मी वरडले.

हे टेम्पो पुसत हुते, पळत आले. मी गॉगल दिला. त्यांनी डोळ्यापुडं धरला, सूर्याकडं वळले, आन गपकन खाली घेतला. "आगं, चरे पडलेत काचंला. माज्या टेम्पोची जुनी काच आशीच झाल्ती, वायपरनं. समोरनं ऊन आलं की समदा फुलोरा, रस्ताच दिसायचा न्हाई. पोरीला काय दिसनार ह्यातनं?"

आमच्यातल्या एकानंबी तवर त्या गॉगलमधनं बगितलंच न्हवतं. लहानगा हुता ना, आमच्या तोंडाला बसायचा न्हाई. समद्यांनी काचंकडं बगितलं, काचंतनं कुनीच न्हाई.

"पन चरे पडले कशानं?" ह्यांनी इचारलं.

मी मान खाली घातली. आत्याबाई मोरीकडं बगत हुत्या, डब्याकडं. मंग म्हनल्या, "कंदिलाची काच न्हाई का रं चकाकत? काच ती काच."

"आय, ही काच न्हाई. फायबर हाय. पलास्टिकच समज."

आत्याबाई वसरीत जाऊन बसल्या. त्या दिवशी पुरनपोळी केली हुती, कटाची आमटी हुती, त्यांनी ताटाला हात लावला न्हाई. चिऊ आपली जाऊन त्यांच्या मांडीवर चढायला लागली तर तिला उचलून माज्याकडं दिली आन हात पदराखाली घेतले. मला दोन गोष्टींचं भ्या बसलं. एक, डोळे खरंच ठीक हायेत का, का काचबी गेली आन डोळेबी. आन दुसरी, की आता आत्याबाई तिला परत घेनार न्हाईत. येवड्या दिवसांनी जे झालं ते एका डब्यापायी गेलं.

दसरा झाला की आमी निघालो. ह्यांना भाडं हुतं, म्हनून मी आन चिऊ यष्टीनं. आत्याबाई न सांगताच पायात चप्पल घालून दारात उभ्या. "मीबी येते." दवाखान्यात डॉक्टरीनबाईंनी चिऊचे डोळे तपासले, ब्याटरी मारली, लई येळ बगितलं. मी आत्याबाईंचा हात धरला हुता, का त्यांनी माजा, ठाऊक न्हाई, पन बांगड्या रुतल्या हुत्या. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "डोळे होते तसेच आहेत. काही वाढलेलं नाही. गॉगल तेवढा बदला." मी तिथंच बसले, स्टुलावर न्हाई, फरशीवर. डॉक्टरीनबाई म्हनल्या, अगं खुर्चीवर बस. आत्याबाई म्हनल्या, "बसू द्या वो तिला, लई दिवसांनी बसलीया."

मंग दुकानात. त्याच ताई. त्यांनी गॉगल हातात घेतला, तिरका धरला, आन डोळे मोठे केले. "अगं बाई! हा कशानं घासला?"

मी म्हननार हुते की मीच, ठाऊक न्हवतं, माजंच चुकलं. तोंड उघडलंबी हुतं.

"म्या घासला," आत्याबाई पुडं झाल्या. "राखंनं. रोज. उजाडायच्या आदी." आन पदराखालनं दोन्ही हात काढून काचंच्या टेबलावर ठिवले, जसं काय ताई छडी मारनार हायेत.

ताई मंग आशा हसल्या की आमालाबी हसू आलं. "आजी, आहो माज्या सासूनं माजा भारीतला गॉगल तारंच्या घासनीनं घासला हुता. तुमी तर राखंवर भागवलं. या इकडं, आत या." आन आत्याबाईंना मागं बेसिनपाशी घेऊन गेल्या. नव्या गॉगलला काचा बसंपर्यंत त्यांच्या हातानंच सगळं करून घेतलं, जुन्याच गॉगलवर. आदी हात धुवा, तेलकट बोट नको. मंग गॉगल धारंखाली धरा, पानी गार, गरम न्हाई. धूळ हाय ना, तीच बारीक वाळू, कोरडं पुसलं की ती काचंवर फिरती, ती आदी वाहून जाऊ द्या. मंग साबनाचा एक थेंब, भांड्याचा लिक्विड चालतो, बोटानं हळू लावा.

"घासायचा न्हाई?" आत्याबाईंनी इचारलं.

"घासायचा न्हाई आजी. विसळायचा."

आत्याबाईंचा हात थांबला. "विसळायचा." दोनदा म्हनल्या. "मंजी बाळाची दुधाची वाटी विसळतो तसं? नुस्तं बोट फिरवून?"

"तस्संच."

"मंग आदी आसं सांगायचं ना गं माजे बाई! साफ करायचा, साफ करायचा, काय त्ये? साफ तर मी कढईबी करते." आन मंग ताईंवरच चढल्या, फडकं कसलं, पदर का न्हाई, हाऽ केलं तर काय हुतं. ताई म्हनल्या, पदराला दिवसभराची धूळ, तिखट, पीठ, हे मऊ कापड देते, ह्यालाबी धुवायचं, पन कम्फर्ट घालायचं न्हाई. टिपायचं, रगडायचं न्हाई. ठिवायचा तर डबीत, न्हाईतर काचा वर करून. टेम्पोत उन्हात न्हाई, वरचा थर सुटतो. आत्याबाई मला म्हनल्या, "आईक, आईक, तुज्या नवऱ्याला सांग."

आमच्या खिडकीतला तो लिक्विड साबन आता चिऊच्या गॉगलचाच झालाय. ती आता पैलीत हाय, शाळेत पैल्या बाकावर बसती, आन शाळेच्या नळाला गॉगल धरताना कोन पोरगं मधी आलं तर म्हनती, "थांब रं, इसळू दे." मी पन कुठल्याबी गोष्टीला हात लावायच्या आदी इचारते, ही घासायची का विसळायची. मानसालाबी तेच लागू हाय आसं मला वाटतं, पन ते जाऊ द्या, मला येवडं काई समजत न्हाई. येवडं समजतं की त्या ताई त्या दिवशी आत्याबाईंवर रागावल्या असत्या तर आमच्या घराचं काय झालं असतं. त्यांचं नाव इचारायचं राहिलं. मी त्यांच्यासाठी रोज हात जोडते.

तर त्या दिवशी नव्या गॉगलला काचा बसल्या. ताईंनी चिऊला गॉगल लावला, आमी भाईर आलो, ऊन मी म्हनत हुतं. मी चिऊला आत्याबाईंपुडं केली. "नको. तूच घे," त्या म्हनल्या आन दोन पावलं मागं सरल्या. चिऊनं मानंत तोंड घातलं न्हाई. डोकं वर केलं, हिकडं तिकडं बगितलं, आन मंग आत्याबाईंकडं बगतच राहिली. उन्हात उभ्या असलेल्या आजीकडं. आन बोट दाखवून म्हनली, "आजी, नाकात काय हाय?"

आत्याबाईंनी नाकाला हात लावला. "चमकी हाय गं. खड्याची. दिसली तुला?"

"मला पायजे." आन चिऊनं दोन्ही हात टाकले, आख्खी त्यांच्या अंगावर झेपावली, आत्याबाईंनी धरली नसती तर खालीच पडली असती. मंग धरलीच की. चिऊ चमकी वढायला लागली आन त्या वरडायला लागल्या, "आगं सोड, नाक तुटंल माजं, आगं रूपे, सांग की हिला." मी सांगितलं न्हाई.

यष्टीत आत्याबाई खिडकीपाशी बसल्या, चिऊ त्यांच्या मांडीवर. ते काय हाय? म्हस हाय. ते? तीबी म्हसच. ते? उसाची गाडी. ते काळं काळं? इज्येच्या तारंवरचे कावळे. मिरजगाव येईस्तोवर आत्याबाईंचा घसा बसला. मी म्हनलं, दमला असाल, द्या हिकडं.

"गप झोप तू," त्या खरखरीत आवाजात म्हनल्या, माज्याकडं न बगताच. "आमाला आजून लई बगायचंय."